गठ्ठा सोडण्याआधी

मानवी हक्क संघटनेच्या कागदांचा गठ्ठा हातात आला की सुतळी सोडायची घाई करू नकोस. आधी फोटो काढ. वरून एक, बाजूने एक, आणि ज्या पेटीतून तो निघाला त्या पेटीचा एक. सुतळीला चिठ्ठी अडकवलेली असेल तर तिचाही. मग वहीत लिही: कुणी दिला, कुठल्या कपाटातून काढला, कितव्या खणातून, तेव्हा कोण हजर होतं. मग गाठ सोड. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात आवराआवरीची खुमखुमी असते. चिलीचं एकीकडे, नेपाळचं एकीकडे, कोठडीतले मृत्यू एका फायलीत, बायकांवरचे अत्याचार दुसऱ्या. संध्याकाळी टेबल कसं लख्ख दिसतं! पण कुठला कागद कुठल्या कागदाच्या पोटात ठेवला होता, हे त्या आवराआवरीत पुसलं गेलेलं असतं आणि ते पुन्हा कुणालाच सांगता येत नाही. पेशवे दप्तरातल्या कागदाचा दाखला देताना अभ्यासक रुमालाचा, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्याचा, क्रमांक देतात, तो उगाच नाही.

ग्वाटेमालात कागदांच्या या शेजारावर एक खटला उभा राहिला, म्हणून ती हकीकत तुला सविस्तर सांगते. २००५ च्या जुलैमध्ये ग्वाटेमाला शहरात पोलिसांच्या एका आवारात स्फोटकं साठवली आहेत अशी रहिवाशांची तक्रार होती. मानवी हक्क लोकपालांच्या कार्यालयातली माणसं पाहणीला गेली, तर तिथे खोल्याच्या खोल्या कागदांनी भरलेल्या. ढीगच्या ढीग, वर ओल, बुरशी, उंदीर, वटवाघळं. यादवी संपल्यावर बरखास्त झालेल्या राष्ट्रीय पोलीस दलाचं ते दप्तर होतं, सुमारे ८ कोटी पानांचं. सत्य आयोगाने पूर्वी कागद मागितले तेव्हा ‘आमच्याकडे असं काही नाही’ असं उत्तर मिळालं होतं. आता जे लोक ते साफ करायला बसले त्यांत बेपत्ता झालेल्यांची मुलं-भावंडंही होती. त्यांना साहजिकच आपल्या माणसाचं नाव आधी शोधायचं होतं. पण तिथे नियम ठरला तो उलटा: विषयवार काहीही लावायचं नाही, ज्या शाखेचा कागद त्या शाखेतच राहील, पोलिसांनी लावला होता तसाच. त्यामुळे हुकूम कुठल्या टेबलावरून निघाला आणि कुठल्या टेबलावर पोचला, हे दिसायला लागलं.

एदगार फेर्नांदो गार्सिया हा विद्यार्थी आणि कामगार चळवळीतला तरुण १८ फेब्रुवारी १९८४ ला गायब झाला होता. त्याची बायको निनेथ मोंतेनेग्रो आणि तिच्यासारख्या इतरांनी त्याच वर्षी ‘ग्रूपो दे अपोयो मूतुओ’ ही नातेवाइकांची संघटना काढली. दिवस, वेळ, जागा हे सगळं संघटनेकडे नोंदलेलं होतं. पोलिसांच्या दप्तरात त्याच दिवशी त्याच भागात केलेल्या कारवाईचे कागद निघाले, आणि त्या कारवाईबद्दल पोलिसांना पदक द्यावं अशी शिफारसही निघाली. २०१० मध्ये दोन माजी पोलिसांना ४० वर्षांची शिक्षा झाली. यातलं मर्म बघ. पदकाची शिफारस एकटीच हाती आली असती तर तो एक किरकोळ आस्थापनेचा कागद होता. आणि बायकोने लिहून ठेवलेली तारीख नसती, तर ८ कोटी पानांत कुठलं पान उघडायचं हेच कळलं नसतं. संघटनांचे कागद बहुतेक वेळा असे वाट दाखवणारे असतात. पुरावा अनेकदा समोरच्याच्या कपाटात असतो.

आता गोळा काय करायचं ते. लंडन-न्यूयॉर्कच्या मोठ्या संघटनांची फार काळजी करू नकोस. ॲम्नेस्टीचे जुने कागद ॲमस्टरडॅमच्या सामाजिक इतिहास संस्थेत आहेत, ह्यूमन राइट्स वॉचचे कोलंबिया विद्यापीठात. त्यांचे छापील अहवाल तर कितीतरी ग्रंथालयांत मिळतील. तू मागे लाग तालुक्याच्या गावातल्या दोन खोल्यांच्या संघटनेच्या. सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं, सत्यशोधन पथकाच्या वह्या, सभेचं इतिवृत्त, मोर्च्याचं भित्तिपत्रक. पाकीट फेकायचं नाही. पोस्टाचा शिक्का म्हणजे तारीख आणि गाव, आणि एखाद्या देशात सेन्सॉरने फोडून पुन्हा चिकटवलेलं असेल तर ते पाकीट आतल्या पत्राइतकंच बोलतं. अहवालापेक्षा अहवालाचा कच्चा खर्डा जास्त मोलाचा, कारण छापताना काय गाळलं ते त्यात दिसतं. त्याच अहवालाची दुसरी आवृत्ती आली म्हणून पहिली काढून टाकू नकोस.

आणि फेटाळलेले अर्ज. यावर मी जरा थांबणार आहे, कारण हे कागद लोक सर्वांत आधी रद्दीत घालतात. ‘काही उपयोग झाला नाही त्याचा’ म्हणतात. चिलीत १९७३ मध्ये लष्करी बंड झालं, त्यानंतर चर्चच्या पुढाकाराने आधी एक समिती आणि ती बंद पाडल्यावर १९७६ पासून ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ ही संस्था सँतियागोमध्ये काम करू लागली. कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांनी ती उभी केली. अटक झालेल्याला कोर्टापुढे हजर करा, असे अर्ज तिथले वकील हजारोंनी करत. कोर्टं ते जवळजवळ सगळे फेटाळत. वकिलांनाही ते ठाऊक होतं, तरी ते करत राहिले. प्रत्येक अर्जात नाव, पकडल्याची वेळ, जागा, पाहणाऱ्याची शपथ, आणि खाली कोर्टाचा आवक शिक्का. राजवट गेल्यावर १९९० मध्ये सत्यशोधनासाठी रेट्टिग आयोग बसला तेव्हा त्याच्यासमोर हे सगळं घटनेच्या दिवसांतच शपथेवर लिहून ठेवलेलं आयतं आलं. वीस वर्षांनी आठवून सांगितलेली साक्ष वेगळी आणि तिसऱ्या दिवशी शिक्का मारून घेतलेला कागद वेगळा. चिलीचे हे संग्रह २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेले. तेव्हा फेटाळलेला अर्ज, ‘आपल्या पत्राची नोंद घेतली आहे’ एवढंच सांगणारं सरकारी उत्तर, उत्तरच न आलेल्या पत्राची कार्बन कॉपी, हे सगळं ठेव.

आपल्याकडचंही एक सांगते. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीनंतर न्यायमूर्ती दाऊद आणि न्यायमूर्ती सुरेश यांनी नागरिकांच्या पुढाकाराने चौकशी करून १९९३ मध्येच अहवाल काढला. सरकारने नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये बाहेर आला. दोन्ही एकाच फळीवर शेजारी ठेव. कोणता खरा हे ठरवायला आपण बसलेलो नाही. वाचणाऱ्याला दोन्ही एका हाताच्या अंतरावर मिळावेत, एवढंच.

कागद घेताना बोलणी लेखी कर. संघटनेची माणसं ओळखीची असतात, चहा होतो, ‘घेऊन जा हो’ म्हणतात आणि आपण घेऊन येतो. दहा वर्षांनी तिथे नवे पदाधिकारी येतात, ते म्हणतात आमच्या वह्या कुणी नेल्या? साधं एक पानी करारपत्र असू दे: मालकी कुणाची, कोण पाहू शकेल, कधीपासून, छापायला परवानगी कोण देणार, संघटना बंद पडली तर कुणाला विचारायचं, आणि परत मागितलं तर काय. शेवटची दोन कलमं लोक लाजून घालत नाहीत. तू घाल. आणि मूळ कागद उचलून आणलाच पाहिजे असंही नाही. टेक्सास विद्यापीठाने २००८ पासून रवांडातल्या किगालीच्या नरसंहार स्मारकासारख्या संस्थांबरोबर काम केलं ते अशाच रीतीने, की मूळ साक्षी तिथल्या लोकांकडेच राहतील आणि डिजिटल प्रतींची जपणूक विद्यापीठ करील. परदेशातल्या श्रीमंत ग्रंथालयाने गरीब देशातलं दुःख पेट्यांत भरून न्यावं, हे मला कधीच रुचलं नाही. धोका असेल तेव्हा बाहेर न्यावंच लागतं, ते निराळं.

धोक्यावरून प्रतींकडे येते. प्रत काढायची वेळ संकट आल्यावर नसते. ब्राझीलच्या लोकांनी हे ज्या थंड डोक्याने केलं त्याला तोड नाही. तिथे लष्करी राजवटीत राजकीय कैद्यांवर लष्करी न्यायालयात खटले चालत आणि कैद्यांनी कोर्टात सांगितलेल्या छळाच्या हकिकती खटल्याच्या कागदांत जशाच्या तशा नोंदल्या जात. १९७९ च्या माफीच्या कायद्यानंतर वकिलांना या फायली पाहायला मिळू लागल्या, आणि त्या २४ तासांसाठी बाहेर नेता येत. बस्स, एवढी फट पुरली. साव पाउलोचे कार्डिनल पाउलो एवारिस्तो आर्न्स आणि प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक जाइमे राइट यांच्या पाठबळावर काही वकील ब्राझिलियातल्या सर्वोच्च लष्करी न्यायालयातून फाइल घेत, भाड्याच्या मशीनवर झेरॉक्स काढत आणि दुसऱ्या दिवशी फाइल जागच्या जागी ठेवत. असं करत करत १९८५ पर्यंत ७०७ खटल्यांची सुमारे १० लाख पानं झाली. त्यांची मायक्रोफिल्म केली, ५४३ रिळं भरली, आणि एक संच देशाबाहेर पाठवला. पैसा जिनिव्हाच्या जागतिक चर्च परिषदेकडून आला होता. १९८५ च्या जुलैमध्ये ‘ब्राझील: नुन्का माइस’ हे पुस्तक कसलाही गाजावाजा न करता दुकानांत आलं तेव्हा ते तयार करणाऱ्यांची नावं त्यात नव्हती. आणि लष्कराला हे खोटं आहे असं म्हणायची सोय नव्हती, कारण सगळा मजकूर त्यांच्याच कोर्टाच्या कागदांतला. मायक्रोफिल्मचा संच शिकागोच्या सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीजमध्ये राहिला आणि २०११ मध्ये ब्राझीलला परत आला.

यातून उचलायच्या गोष्टी बारीक आहेत. फाइल जशी घेतली तशीच, त्याच क्रमाने परत गेली, म्हणून कुणाला संशय आला नाही. काम करणाऱ्यांना एकमेकांचं पूर्ण काम ठाऊक नसावं, हेही पाळलं. बाहेर प्रत पोचल्यानंतरच पुस्तक काढलं, आधी नाही. हा क्रम कधी उलटा करू नकोस: आधी प्रत सुरक्षित, मग बोभाटा.

वॉर्सा घेट्टोतल्या इमान्युएल रिंगेलब्लुम यांच्या गटाने जमा केलेले कागद पुरून ठेवले होते, ते तर तू वाचलंच असशील. त्यातला साठवणीचा भाग कुणी सांगत नाही. पहिला साठा १९४२ च्या ऑगस्टमध्ये पत्र्याच्या १० डब्यांत पुरला. डबे सीलबंद नव्हते, पाणी शिरलं, आणि १९४६ मध्ये ते निघाले तेव्हा बरेच कागद भिजून एकमेकांना चिकटले होते. दुसरा साठा १९४३ च्या फेब्रुवारीत दुधाच्या दोन कॅनमध्ये पुरला, तो १९५० मध्ये बऱ्याच चांगल्या स्थितीत निघाला. झाकण घट्ट बसण्याचा हा फरक. आणि जागा सांगणारा? साठेक माणसांच्या त्या गटातली तिघंच जगली, त्यांतल्या हेर्श वासेर यांना जागा ठाऊक होती. ते नसते तर? म्हणून दुसरी प्रत कुठे आहे हे निदान तीन माणसांना माहीत असू दे आणि त्यांतला एक दुसऱ्या गावचा असू दे. आजच्या हिशेबात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या शहरात. पेन ड्राइव्ह ही प्रत नाही, तो टपाल्या आहे.

कागदांवर फक्त सरकारच चालून येतं असंही धरून बसू नकोस. २००४ च्या जानेवारीत पुण्याच्या भांडारकर संस्थेत जमाव घुसला. पाणी तर कुणाचीच परवानगी घेत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत तळमजल्यावर ज्यांची कपाटं होती त्यांना विचार. खालचा खण रिकामा ठेव, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. कागद भिजलेच तर दोन दिवसांच्या आत सुकवायला हवेत, नाहीतर बुरशी धरते. पंख्याखाली, टीपकागदात, सावलीत. उन्हात नाही. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं आधी सुटी कर, ती चिकटली की मेली. ढीग फार मोठा असेल तर बर्फाच्या कारखान्यावाल्याशी किंवा शीतगृहाशी बोल. गोठवलेला कागद थांबून राहतो आणि सवडीने सुकवता येतो.

बाकी कागदाचं पथ्य सोपं आहे. टाचण्या, स्टेपल, रबरबँड काढ, गंजतात आणि वितळतात. सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही, ते उलटवता येत नाही. कागदावर लिहायचं ते मऊ पेन्सिलीने. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवेत कागद घामेजतो, त्यापेक्षा आम्लविरहित कागदाचं पाकीट किंवा जुनं धुतलेलं सुती कापड बरं. वर्तमानपत्राचं कात्रण पिवळं पडणारच, शेजारच्या कागदालाही डाग देतं, म्हणून त्याची चांगल्या कागदावर प्रत काढ आणि कात्रण वेगळ्या पाकिटात ठेव. सर्वांत आधी फॅक्सचे गुळगुळीत कागद हुडक. ॲम्नेस्टीने १९७३ मध्ये ब्राझीलमधले प्राध्यापक लुईझ बाझिलिओ रोस्सी यांच्या अटकेनंतर तातडीच्या हाकेची पत्रकं सुरू केली, आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांत अशी तातडीची पत्रकं जगभर फॅक्सने धावू लागली. तो औष्णिक कागद काही वर्षांत कोरा होतो. अक्षर दिसतंय तोवर स्कॅन कर. कॅसेटी नंतर. कॅसेटींचंही तसं लांबवू नकोस, फीत टिकली तरी वाजवणारं यंत्र मिळेनासं होतंय.

आता नावांचं. इथे चूक झाली तर कागद वाचतो आणि माणूस मरतो. साक्ष एका ठिकाणी, साक्ष देणाऱ्याचं नाव-पत्ता दुसऱ्या ठिकाणी, मध्ये फक्त क्रमांक. क्रमांकांची किल्ली तुझ्या इमारतीत नको. स्वतःला रोज विचार: उद्या सकाळी कुणी झडतीला आलं तर त्याच्या हाती काय लागेल? डिसेंबर २००८ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये ‘मेमोरियल’ संघटनेवर छापा पडला आणि स्टालिनकाळातल्या बळींवरचं वर्षानुवर्षांचं काम असलेल्या हार्ड डिस्क उचलून नेल्या. काही महिन्यांनी त्या परत मिळाल्या. २०२१ च्या डिसेंबरमध्ये तर संघटनाच विसर्जित करायचा आदेश निघाला, पुढल्याच वर्षी तिला नोबेल शांतता पारितोषिक मिळालं. परत मिळालेल्या डिस्कची मधल्या काळात प्रत निघाली नसेल असं कोण सांगेल? तेव्हा कूटबद्ध करून ठेवणं हे नित्याचं काम समज, संकटासाठी राखून ठेवायचं नाही.

मात्र जपणं आणि दाखवणं यांची सांगड घालू नकोस. तरुण मंडळींना वाटतं, सगळं उघड केलं की न्याय होतो. मला तसं वाटत नाही. सगळं ठेवावं, आणि दाखवावं ते सावकाश. चिलीतच विकारियाकडे उपचार घेतलेल्यांच्या नोंदी लष्करी वकील मागत होता, तेव्हा तिथले प्रमुख बिशप सेर्खियो वालेच यांनी द्यायला साफ नकार दिला. याच वालेच यांच्या अध्यक्षतेखाली पुढे २००३ मध्ये छळ झालेल्यांसाठीचा आयोग बसला. २७ हजारांहून अधिक लोकांना त्याने छळाचे बळी म्हणून मान्यता दिली, आणि त्यांच्या साक्षी कायद्याने ५० वर्षं बंद ठेवल्या. यावर तिथे अजून वाद आहे. बळींपैकीच काही म्हणतात, माझी साक्ष, मला उघडायची आहे, तुम्ही कोण अडवणारे? माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. मुदत सरसकट नको. ज्याची साक्ष त्याला किल्ली, आणि तो नसेल तर मग मुदत. घेतानाच विचारून ठेवलंस तर हा तंटा उद्भवत नाही: तुमच्या हयातीत? तुमच्यानंतर? मुलांना दाखवू? वकिलाला? चारही प्रश्नांची उत्तरं वेगळी येतात, पाहशील.

संकेतस्थळं आणि व्हिडिओ यांत तू माझ्यापेक्षा हुशार आहेस, तरी दोन शब्द. छोट्या संघटनेचं संकेतस्थळ हे तिचं सर्वांत नाजूक कपाट. डोमेनचे पैसे भरायचे राहिले की सगळं गेलं. कोलंबिया विद्यापीठाने २००८ मध्ये जगभरातल्या मानवी हक्क संघटनांची संकेतस्थळं टिपून ठेवायचं काम सुरू केलं ते याच भीतीने. तू टिपशील तेव्हा डब्ल्यूएआरसी या ठरलेल्या प्रकारात टिप, नुसते स्क्रीनशॉट नकोत. आणि संघटनेला कळवून टिप. व्हिडिओ यूट्यूबवर आहे म्हणजे आहे, असं समजायचं नाही. २०१७ मध्ये हिंसक मजकूर हटवणारी यंत्रणा यूट्यूबने लावली आणि सीरियातल्या अत्याचारांचे हजारो व्हिडिओ त्यात उडाले. ‘सीरियन आर्काइव्ह’ची माणसं २०१४ पासून प्रती उतरवून ठेवत होती म्हणून बरंच वाचलं. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा आलेला फोटो पुरावा म्हणून लुळा असतो, कारण कधी-कुठे काढला ही आतली माहिती वाटेत गळते. देणाऱ्याला सांग, डॉक्युमेंट म्हणून पाठव, किंवा फोनच घेऊन ये. फाइल हातात येताच तिचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा आकडी ठसा, काढून वहीत लिही, म्हणजे उद्या कोर्टात ‘मध्ये कुणी हात लावला नाही’ असं सांगता येईल. बर्कली प्रोटोकॉल म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२० मध्ये काढलेली नियमावली आहे, ती एकदा पूर्ण वाच. कंटाळवाणी आहे, पण वाच.

सूची करताना विशेषणं लिहू नकोस. संघटनेने कुणाला हुतात्मा म्हटलंय, सरकारने त्यालाच अतिरेकी; तू त्याचं नाव लिही आणि कोण काय म्हणालं ते अवतरणात टाक. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘ह्युरिडॉक्स’ या संस्थेने घटना नोंदवायची जी रीत घालून दिली ती अजून मला सर्वांत स्वच्छ वाटते: कुणी, कुणाला, काय केलं, कधी, कुठे. नावाची मूळ वर्तनी तशीच ठेव आणि इतर रूपं खाली दे. एकाच अरबी नावाच्या पाच रोमन वर्तन्या होतात. तारखांना फसशील. नेपाळच्या कागदावर विक्रम संवत असतो, थायलंडचं वर्ष ५४३ने पुढे, इराणचं नवं वर्ष मार्चच्या विसाव्या-एकविसाव्या दिवशी लागतं, इथिओपिया सात-आठ वर्षं मागे. कागदावरची तारीख जशीच्या तशी, आणि शेजारी आपली. रूपांतरात शंका असेल तर शंका आहे असं लिही.

कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगातले कैद्यांचे फोटो तुझ्या हाताखालून जातील. आत आणताक्षणी काढलेले ते चेहरे. त्यांतले काही १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात भिंतीवर लागले तेव्हा लोक रागावले, आणि त्यांचा राग रास्त होता: ज्याने फोटो काढला त्याच्याच नजरेने आपण त्या माणसांकडे पाहतो आहोत, आणि नावंही बहुतेकांची नाहीत. फोटो लावायचाच असेल तर नाव शोधायचं काम आधी. आणि तू स्वतः असं काही पाहताना आवाज बंद ठेव, चित्र लहान ठेव, रात्री पाहू नकोस, सलग पाहू नकोस. सोबत कुणी असेल तर उत्तम. त्याची लाज वाटून घेऊ नकोस. जी माणसं ‘मला काही होत नाही’ म्हणत होती, तीच आधी काम सोडून गेली.

राहिली येणारी माणसं. अभ्यासकांचं काही विशेष नाही, ते आपली यादी घेऊन येतात. पण कधी एखादी बाई येईल, हातात फोटो, एक नाव, एक अंदाजे तारीख. तिला फॉर्म पुढे करू नकोस. बसव, पाणी दे, तिचं सगळं ऐकून घे, आणि ‘मिळेल’ असं म्हणू नकोस. ‘शोधते’ म्हण. काही सापडलं तर तिला एकटीला वाचायला सोडून जाऊ नकोस, पण खांद्यावरून डोकावूही नकोस. प्रत तिला फुकट दे, बाकीच्यांकडून पैसे घे. आणि काहीच सापडलं नाही तर तिने काय विचारलं ते एका वेगळ्या वहीत उतरव: नाव, नावाची सगळी रूपं, वर्ष, गाव, तिला कळवायचं कुठे. ती वही कुलुपात ठेव, तीही नावांचीच वही आहे. पुढे कधी नवी पेटी आली की सूची करायला बसण्याआधी ती वही काढ आणि पेटीतली नावं तिच्याशी ताडून बघ. तिच्यापर्यंत निरोप पोचवायचं काम तुझं आहे, तिने पुन्हा खेप घालायची नाही.